न मागितलेले आठ रुपये

परवा माझ्या पेन्शनच्या खात्यातून बँकेने गुपचूप काही रुपये कापून घेतले. खात्यात होते त्याहून थोडे जास्त गेले म्हणून दंड. काउंटरवरच्या पोराला मी विचारलं, "बाबा रे, शिल्लक नव्हती तर दिलेस कशाला?" तो मान वर न करता म्हणाला, "आजोबा, नियम आहे." मी स्वतः उभा जन्म बँकेत काढलेला माणूस, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. तणतणत पायऱ्या उतरलो, आणि खालच्या पायरीवर मला एकदम भीमराव हुमनाबादकर आठवले. मग राग ओसरला आणि दिवसभर कशातच लक्ष लागेना.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते ते, आमच्याकडे निजामाचं राज्य. मानवतला आमच्या बँकेची एक लहानशी शाखा होती. खाली तीन खोल्या आणि तिजोरी, वर माडी. हेड ऑफिस हैदराबादला. तिथून येणारे कागद उर्दूत, इंग्रजी मुलखातून येणारे इंग्रजीत, शेतकऱ्यांच्या सह्या मोडीत, आणि आमचे एजंट भीमराव यांचं मराठी बिदरकडचं, दखनी वळणाचं. एजंट म्हणजे आता ज्याला मॅनेजर म्हणतात तो. मी पालमचा, नुकता कारकून म्हणून चिकटलेला. पगार बेताचा आणि ऐट मात्र दिवाणसाहेबांची.

भीमराव उंच होते, पण आपल्या उंचीची लाज वाटल्यासारखे वाकून चालायचे. गळ्यापर्यंत बंद केलेली काळी शेरवानी, तिचं एक बटण वेगळ्याच रंगाचं. ते बटण लावणारी बायको केव्हाच गेली होती. एक मुलगी गुलबर्ग्याला दिलेली, ती सासरी रमलेली. भीमराव माडीवर एकटेच राहायचे. स्वयंपाक स्वतः करायचे आणि तो करताना कधी गुणगुणायचेसुद्धा नाहीत. संध्याकाळी मात्र वरून बोलण्याचा आवाज यायचा. शेजारच्या कापडवाल्याने मला एकदा विचारलंही, "तुमच्या साह्यबाकडं पावनं आलेत काय?" पाहुणे कुठले! भीमराव दोन दिवसांचं शिळं वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असायचे. मध्येच थांबून "हे काही खरं नाही बघा" असं म्हणायचे आणि पुढे वाचायचे. मी जिन्यावरून हे ऐकलं आणि आल्या पावली खाली उतरलो. असं काही ऐकल्यावर वर जाऊन काय बोलणार?

या एकटेपणाला ते स्वतःच कारण होते. खातेदाराच्या घरचा चहा घ्यायचा नाही, त्याच्या घरी पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि मानवतसारख्या गावात एजंटाला बोलवणारा माणूस म्हणजे खातेदारच. दिवाळीत फराळाची ताटं यायची. ते दोन्ही हात जोडून, गोड बोलून परत पाठवायचे. माझ्यासारख्या पोटभरूंचा त्यात जीव जायचा. अनारशांचं ताट जिना न चढता माघारी फिरताना मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. मी एकदा कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "माधवराव, आज त्याचा चहा प्यालो, उद्या त्याच्यावर दंड बसला, तर हात लिहील का?"

हा दंड म्हणजे सगळ्या गावाच्या डोळ्यांतलं कुसळ होतं. हेड ऑफिसचा नियम असा, की मंजुरी घेतल्याशिवाय शिल्लकेपेक्षा जास्त उचल झाली, की प्रत्येक वेळी दहा रुपये दंड, व्याज वेगळं. उचल केवढी हे बघायचं नाही. चेक आला आणि शिल्लक पुरत नसली, तर तो परत करायचा की पैसे देऊन टाकायचे हे एजंटाच्या हातात. पण एकदा दिले, की दंड आलाच. भीमरावांच्या आधीचे एजंट मोठे हुशार होते. ज्याच्याकडे जेवायला जायचे त्याचा दंड विसरायचे आणि ज्याच्याकडे बोलावणं नसे त्याचा आठवणीने लावायचे. गावाला त्याची सवय झालेली होती.

भीमराव आले आणि पहिल्याच हंगामात जिनवाल्या शेटजींवर दंड बसला. शेटजींनी कापसाच्या खरेदीसाठी भलीमोठी रक्कम बिनमंजुरीची उचलली होती. तणतणत आले. मला वाटलं, आता खुर्च्या फेकल्या जाणार. भीमरावांनी शांतपणे नियमाचा कागद पुढे ठेवला. शेटजींनी तो वाचला, आणि चेहऱ्यावरचा राग जाऊन तिथे हसू आलं.

"दहाच? कितीही उचललं तरी दहाच?"

"दहाच."

"अरे वा! मग तुमी उगं तोंड बारीक करून काय बसलाव? महाग काय हाय त्याच्यात?"

त्यांनी दहाची नोट टेबलावर टाकली, भिकाऱ्याला टाकावी तशी, आणि त्या हंगामात आणखी तीनदा उचल केली. त्याच आठवड्यात एका भाजीवालीच्या मुलाचं खातं दीड रुपयाने उणं झालं. त्यालाही दहा. तो पोरगा रडकुंडीला आला होता. भीमरावांनी दंड लिहिला, आणि त्या दुपारी स्वतःचा डबा उघडलाच नाही.

"हा दंड कसला हो," ते मला म्हणाले. "हत्तीला एक पेंढी अन् शेळीलाही एक पेंढी. शेळी मरते, हत्तीला कळतसुद्धा नाही."

"मग शेळीला सोडा की," मी म्हणालो.

"आधीचे तेच करत होते. फक्त ते हत्तींना सोडत होते. मी माझ्या मर्जीने सोडायला लागलो, की त्यांच्यात अन् माझ्यात फरक काय राहिला? बदलायचा तर नियम बदलला पाहिजे."

म्हणून त्यांनी हैदराबादला लिहायला सुरुवात केली. दंड उचलीच्या मानाने असावा, लहान उचलीला उचलीपेक्षा जास्त दंड असू नये, असं मुद्देसूद, नम्र उर्दूत. उत्तर यायचं नाही. दर दोन महिन्यांनी ते पुन्हा लिहायचे. मला त्या नेमाने लिहिण्याची गंमत वाटायची. पुढे पुढे वाटेनाशी झाली.

अशा माणसाला गावात मित्र मिळणं कठीणच. पण एक मिळाला होता. सावंगीचे सोपानराव.

सोपानराव बऱ्यापैकी जमीन असलेले, विहिरीवर ऊस करणारे, तोंडाने फटकळ शेतकरी. एकदा बाजाराच्या दिवशी झिजलेले रुपये बदलायला आले आणि उन्हं उतरेपर्यंत मागच्या पायरीवर टेकले. भीमराव खिडकीत चहा घेत उभे होते. दोघांत काय बोलणं झालं देव जाणे, पण त्यानंतर दर बाजारी सोपानराव कापूस-गुळाचा व्यवहार आटोपून त्या पायरीवर यायचे, आणि भीमराव कुलपं लावून खाली उतरायचे. भीमरावांच्या वडिलांनी हुमनाबादकडची शेती विकून टाकली होती. शेतीचं सुख त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यातच मिळायचं. सोपानरावांचा कोणता बैल लंगडतो, धाकटी सून रागावून माहेरी गेली ती आली की नाही, विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी राहतं, सगळं त्यांना पाठ.

"तुमी आमच्या घरच्यापरीस जास्ती इचारताव बैलायचं," सोपानराव म्हणायचे. "येकदा येऊन बघा की राव सावंगीला. लय लांब न्हाई."

त्या वेळी सोपानराव खातेदार नव्हते, तेव्हा जायला हरकत काही नव्हती. भीमराव म्हणायचे, "येऊ, येऊ." आज हिशेब आहेत, उद्या तपासणी आहे, असं करत राहून गेलं.

मग भीमरावांनीच घोळ केला. सोपानराव आपली रोकड घरात पुरून ठेवतात हे कळल्यावर त्यांचा जीव टांगणीला लागला. चोऱ्या वाढल्या होत्या. चार बाजार मागे लागून त्यांनी सोपानरावांना बँकेत खातं काढायला लावलं. "तुमी म्हनताव म्हनून," सोपानराव मातकट हंडा तिजोरीसमोर ठेवत म्हणाले. "बँक-बिंक मला काय ठावं न्हाई. मी तुमच्याकडं ठेवायलोय." भीमराव इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. सोपानराव खातेदार झाले म्हणजे आता त्यांच्या घरी जाणं नियमाने बंद झालं, हे त्यांच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे. मी आठवण दिली नाही.

पुढच्या वर्षी सोपानरावांनी वऱ्हाडात, वाशीमच्या एका व्यापाऱ्याकडून उसाचा लोखंडी चरक घेतला. किंमत साडेतीनशे. खात्यात चारशे होते. आयुष्यातला पहिला चेक. व्यापाऱ्याच्या मुनिमाने तो इंग्रजीत भरला, सोपानरावांनी खाली ठसठशीत मोडीत सही ठोकली आणि चरक गाडीत घालून गावी आले.

आता नव्या लोकांना सांगायला हवं, की तेव्हा आमच्याकडे निजामाचं हाली नाणं आणि वऱ्हाडात, मुंबईकडे इंग्रजांचं कलदार. शंभर कलदार घ्यायचे तर एकशे सोळा-सतरा हाली मोजावे लागत. "हाली का कलदार?" हा प्रश्न आमच्याकडचं शेंबडं पोरही विचारायचं. सोपानरावांनी तर आयुष्यभर रुपया तळहातावर उलटा करून, छाप बघून, मग कनवटीला लावलेला. पण चेकला छाप कुठली? हातात नाणंच आलं नाही, त्यामुळे तो प्रश्न त्यांच्या तोंडात आलाच नाही. साडेतीनशे कलदार म्हणजे चारशे आठ हाली. खातं आठ रुपयांनी उणं.

चेक दुपारच्या टपालाने आला. मीच तो भीमरावांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ बघितला. परत पाठवला तर वाशीमच्या बाजारात सोपानराव खोट्या चेकवाले ठरणार. दिला तर दंड. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि "पास करा" म्हणाले. माझ्या मनात आलं, बरं केलं. मित्राची अब्रू राखली.

बाजाराच्या दिवशी सोपानराव आले तेव्हा भीमरावांनी त्यांना पायरीवर न बसवता आत नेलं, खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. सोपानरावांनी आधी ऐकून घेतलं. मग चेकचा कागद मागून घेतला आणि नकळत उलटा करून पाहिला.

"च्यामायला," ते म्हणाले. "कलदार व्हय. चुकी माझी. आठ रुपये देतो की."

"अन् दहा दंड," भीमराव म्हणाले.

"कशाचा?"

"बिनमंजुरीची उचल झाली त्याचा."

"म्या उचलले? म्या तर मागितले बी न्हाईत. शिल्लक न्हाई म्हनून कागद वापस लावायचा व्हता तुमी."

"वाशीमला तुमचं नाव खराब झालं असतं, सोपानराव."

"झालं असतं तर म्या निस्तरलं असतं. मला इचारायचं व्हतं की! न इचारता दिले, न मागता दिले, अन् वरून त्याचेच दहा मागायलाव? आठाला दहा?"

"आठाला दहा हा अन्याय आहे," भीमराव म्हणाले. "मी दोन वर्षं हैदराबादला तेच लिहितोय. पण नियम आहे तोवर मला घ्यावे लागतील. शेटजींचे घेतले, त्या भाजीवालीच्या पोराचे घेतले. तुमचे कोणत्या तोंडाने सोडू?"

"शेटजी जानून-बुजून उचलतो. म्या काय शेटजी हाव?"

मला राहवेना. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, साहेब, दहा रुपये आपण दोघं भरू, विषय संपवू. त्यांनी मान हलवली. "मी भरले तर तो उपकार होईल. सोपानरावांनी माझ्याकडून उपकार का घ्यावेत? चूक बँकेची आहे." हे त्यांचं म्हणणं तेव्हा मला मोठं थोर वाटलं होतं. आता वाटतं, त्या क्षणी थोडं कमी थोर असते तरी चाललं असतं.

सोपानरावांनी अठरा रुपये हाली मोजून टेबलावर ठेवले. खातं बंद केलं. जाताना दारात थांबून नमस्कार केला आणि म्हणाले, "येतो, एजंटसाहेब." इतके दिवस ते "भीमराव" म्हणत होते.

पुढच्या बाजारी भीमराव कुलपं लावून खाली उतरले आणि पायरीपाशी उभे राहिले. त्याच्या पुढच्या बाजारीही. मग त्यांनी उतरणं सोडलं. सोपानरावांची गाडी बँकेवरून जायची. बैलांच्या घुंगरांचा आवाज ओळखीचा होता, तो आला की भीमरावांची लेखणी थांबायची आणि आवाज लांब गेल्यावर पुन्हा चालायची. मी समोर बसून हे बघत असे. एवढ्या शहाण्या दोन माणसांनी एवढ्याशा गोष्टीपायी असं वागावं याचा मला फार राग यायचा, आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं.

हैदराबादची पत्रं मात्र आता दर महिन्याला जाऊ लागली. त्यांत त्यांनी एक नवीन कलम घातलं होतं: खातेदाराला आधी कळवल्याशिवाय त्याच्या नावावर उचल लिहू नये, आणि कळवलं नसेल तर दंड मुळीच नसावा. माडीवरचं वर्तमानपत्राचं वाचन बंद झालं होतं. आता तिथून या पत्रांचे मसुदे मोठ्याने वाचल्याचा आवाज यायचा.

आणि काय नवल, लढाई संपल्यानंतर एक दिवस हेड ऑफिसचा हुकूम आला. दंड उचलीच्या मानाने, खातेदाराला आधी कळवणं सक्तीचं. सगळं त्यांच्या शब्दांत. मागचा परतावा मात्र कुणालाच नाही. त्याच टपालात भीमरावांची हैदराबादला बदली. हुकमावर त्यांचं नाव कुठेही नव्हतं, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. तो कागद त्यांनी तीनदा वाचला आणि म्हणाले, "माधवराव, उद्या सुटी आहे. सावंगीला येता?"

सकाळी आम्ही पायीच निघालो. ज्वारी हुरड्यात आलेली, हवेत गारवा. भीमराव शेरवानी घालून, वाकून, माझ्यापुढे झपाझप चालत होते.

सोपानरावांनी आमचं आदरातिथ्य यथासांग केलं. घोंगडी अंथरली, गूळ-पाणी दिलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. पण बोलणं सगळं पटवाऱ्याशी बोलावं तसं. "साहेब, बसा. साहेब, ऊन लागलं काय?" भीमरावांनी हुकूम काढला आणि उर्दू कागदाचं मराठी करत शेवटपर्यंत वाचून दाखवला.

"लय चांगलं झालं," सोपानराव म्हणाले. "लोकायचं भलं झालं."

"मी तुम्हाला म्हणालोच होतो, की तो अन्याय आहे."

"म्हनत व्हतात," सोपानराव शांतपणे म्हणाले. "म्हनत बी व्हतात, अन् घेत बी व्हतात."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. भीमराव कागदाची घडी घालत राहिले. चहा आला, तो आम्ही घेतला. बदली झाल्याचं त्यांनी उठताना सांगितलं. सोपानराव म्हणाले, "जिथं जाल तिथं सुखी राहा, साहेब." विहिरीपर्यंत आम्हाला पोचवायला आले आणि तिथून मोटेवरच्या गड्याला हाक मारत कामाकडे वळले.

चार दिवसांनी मी भीमरावांना मानवत रोड स्टेशनवर गाडीत बसवून दिलं. पण त्या स्टेशनातलं मला फारसं काही आठवत नाही. मला दिसतात ते सावंगीहून परतताना वाटेत थांबलेले भीमराव. ओढा ओलांडून आम्ही चढावर आलो होतो. मागे वळलं तर सोपानरावांची विहीर दिसत होती, पुढे बघितलं तर मानवतच्या जिनचं धुराडं. भीमराव इकडे बघत होते, तिकडे बघत होते.

"माधवराव, तो चेक दुपारी आला होता ना?"

"हो."

"शिपाई रिकामाच होता त्या दिवशी."

"असेल."

"एवढं जवळ आहे हो हे," ते म्हणाले. "दिवस मावळायच्या आत विचारून आला असता. चेक एक दिवस थांबला असता तर कुणाचं काय बिघडत होतं? हैदराबादला एवढी पत्रं लिहिली मी. सावंगीला एक माणूस धाडला नाही."

ते विहिरीच्या बाजूला तोंड करून तसेच उभे राहिले. मोटेचं पाणी थारोळ्यात पडल्याचा आवाज तिथवर ऐकू येत होता. मग त्यांनी डोळे पुसले, चोरून वगैरे नाही, सरळ माझ्यासमोर, आणि म्हणाले, "चला, उशीर होईल." उशीर कशाला होणार होता कुणास ठाऊक. माडीवर त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं.